प्रतिसादक क्रमांक चौदा

खडकी बाजारात, चष्म्याच्या दुकानावर
माझे दोन संगणक, एक प्रिंटर
आणि बाइंडिंगच्या काळ्या कापडाचे तागे.
पानाला अठरा रुपये. तक्ता असेल तर पंचवीस.
तळटीपांचे पैसे लावत नाही,
त्यांच्या मागे धावण्यात अर्धी रात्र जाते ती जाते.

अकरा वर्षांत इतके प्रबंध टाइप केलेत
की 'वर्चस्व' डोळे मिटून येतं.
'परीघ' येतो. 'आवाजहीन' येतं.
'अन्यीकरण'खाली मात्र संगणक दरवेळी लाल रेघ ओढतो.
त्याला वाटतं, असं काही नसतंच.

सुदानचा इद्रीस यायचा.
त्याच्या प्रबंधात 'वंश' चारशे सहा वेळा, मी मोजले होते.
कोंढव्यात खोली देताना मालकानं
दोन महिन्यांचं भाडं जास्त घेतलं, का ते बोलला नाही.
तो म्हणाला, तुमचं बरंय,
तुम्हाला दारातच कुणी ओळखत नाही.
मी म्हटलं, दारात नाही. आत घेऊन, पाणी देऊन
मग आडनाव विचारतात.
तो बराच वेळ हसला.
स्पायरलचे पैसे घेतले नाहीत त्या दिवशी.

परवा अन्विता मॅडमचा चौथा अध्याय आला.
कचरावेचक स्त्रिया, श्रम, जात, आत्मभान.
मॅडम चांगल्या आहेत. वेळेवर पैसे देतात,
'ताई' म्हणतात, आणि ते खोटं वाटत नाही.

प्रतिसादक क्रमांक चौदा.
वय अंदाजे अठ्ठावन्न. शिक्षण निरंक.
फेरी : बोपोडी ते औंध रोड.
अपत्ये तीन, हयात दोन.

फेरीवरूनच ओळखलं होतं मी.
पण तीन?
घरात मी आणि विलास. तिसरं कोण?

खाली अवतरण :
"माझ्या पहिल्या मुलीला मी झोळीत ठेवत असे.
ती तापाने गेली. त्या दिवशीही मी फेरी पूर्ण केली."
त्याखाली मॅडमची ओळ :
येथे मातृत्व आणि श्रम यांतील द्वंद्व अधोरेखित होते.

ठेवत असे.
माझी आई जन्मात कधी
'ठेवत असे' म्हणाली नाही.

घरी गेले. ती लसूण सोलत होती.
उभ्यानंच विचारलं, मला का नाही सांगितलंस?
तिनं मानसुद्धा वर केली नाही.
"तिनं इचारलं.
वही मिटून बसली, च्या पिली माज्या हातचा, मंग इचारलं.
तू कवा इचारलंस?"

यावर कुठल्याच अध्यायात उत्तर नव्हतं.
मी खाली बसले. चार पाकळ्या सोलल्या.
नखात वास गेला.
नाव काय होतं तिचं?
"झुंबरी.
त्ये न्हाई इचारलं बाईनं. नावं घालत न्हाईत म्हनली."

रात्री दुकान उघडलं. अवतरण परत टाइप केलं :
पयल्या पोरीला झोळीत ठिवायची म्या.
तापानं गेली. त्या दिशी बी फेरी केली पुरी.
दोन ओळींत पाच लाल रेघा.
पुसलं. मॅडमचं परत घातलं. परत पुसलं.
गाइडांना काय सांगतील त्या,
आणि हा अधिकार मला दिला कुणी,
जिनं स्वतः पाचवीत 'पानी'वरून हशा झाल्यावर
आईला शाळेत येऊ नको म्हणून सांगितलं होतं?

शेवटी आईचं तसंच ठेवलं, समासात लिहिलं :
मॅडम, हे बघून घ्या.
त्या बघतील. बदलतीलही कदाचित.

मग कोरी फाइल उघडून एकच शब्द टाइप केला.
झुंबरी.
लाल रेघ आली.
संगणकानं विचारलं, दुर्लक्ष करायचं
की शब्दकोशात घालायचं?

प्रबंधात ते नाव नाही. गोपनीयतेचा नियम मला पाठ आहे.
पण या मशीनवर आता कुणीही, काहीही लिहायला येवो,
त्या एका शब्दाखाली
रेघ येणार नाही.